डबाभर जुन्या ब्रिटिश पेन्या: किंमत कशी काढायची?

मीनल_सांगली

घरात एका पत्र्याच्या डब्यात ब्रिटनच्या जुन्या पेन्या निघाल्या आहेत. सगळ्या १९७१ च्या आधीच्या, मोठ्या आकाराच्या. डबा सोडून वजन ४ किलो २०० ग्रॅम. वरवर चाळल्या तेव्हा तरुण एलिझाबेथ आणि जॉर्ज सहावा जास्त दिसले, जॉर्ज पाचवाही बराच. व्हिक्टोरिया दोन प्रकारची आहे, एक अंबाडा घातलेली आणि एक म्हातारी, डोक्यावरून पदर घेतलेली. त्याच आकाराच्या काहींवर कोंबडी आहे, काहींवर कांगारू. थोडे आपले जुने पैसेही मिसळलेले आहेत.

नेटवर एकाच सालाची पेनी कुठे वीस पेन्सला तर कुठे वीस हजार पौंडांना लावलेली दिसते, त्यामुळे काहीच अंदाज येत नाही. सुरुवात कुठून करावी? कोणती साले बघावी? नाणी बरीच काळवंडली आहेत, चिंच लावून उजळवू का? भाऊ इंग्लंडात लेस्टरला असतो, तिकडे पाठवून विकणे परवडेल का?

टांकसाळ

मीनलताई, चिंच आधी कपाटात ठेवा. चिंच, लिंबू-मीठ, पितांबरी, राख, टूथपेस्ट यातले काहीही लागले की नाणे तांब्याच्या नव्या तांब्यासारखे गुलाबी दिसते आणि संग्राहक ते हातात घेऊन परत ठेवतो. दुसरे असे की काही पेन्या टांकसाळीतूनच काळ्या करून बाहेर पडल्या आहेत. १९३४-३५ आणि १९४४ ते ४६ या काळातल्या पेन्यांवर रॉयल मिंटने हायपोची, म्हणजे फोटो धुवायला वापरतात त्या रसायनाची, प्रक्रिया केली होती. तो काळेपणा मूळचा आहे. तो घालवलात तर मूळ पृष्ठभागच गेला.

आता हिशेब. १८६० पासूनची ब्राँझची पेनी एका पाऊंड वजनाच्या धातूतून ४८ अशी पाडली जायची. म्हणजे एक पेनी ९.४५ ग्रॅम, व्यास ३०.८ मिलिमीटर, कड गुळगुळीत. किलोला सुमारे १०६. तुमच्या डब्यात साडेचारशेच्या आत-बाहेर नाणी असणार. त्यातली चारशेहून जास्त किलोने विकायच्या लायकीची निघतील. हा माझा निराशावाद नाही, कुठलाही असा डबा उघडला तरी हेच प्रमाण असते. किंमत असते ती दहा-वीस नाण्यांत. म्हणून प्रत्येक नाण्याची किंमत शोधत बसू नका, ती दहा-वीस वेगळी काढायची रीत बसवा.

पहिली चाळणी देशाची. राजाच्या डोक्यावर मुकुट असेल तर नाणे बहुधा ब्रिटनचे नाही. ब्रिटनच्या पेनीवर एडवर्ड आणि दोन्ही जॉर्ज बोडक्या डोक्याचे असतात, मुकुटवाला राजा भारत, ऑस्ट्रेलिया वगैरे ठिकाणच्या नाण्यांवर. जॉर्ज सहावा मात्र ऑस्ट्रेलियाच्या पेनीवरही बोडकाच आहे, तिथे मागचा कांगारू बघा. कोंबडी आणि पिल्ले म्हणजे आयर्लंड, पलीकडे वीणा असेल. ही सगळी बाजूला.

दुसरी चाळणी राजवटीची:

अंबाड्याची व्हिक्टोरिया: १८६० ते १८९४
पदराची व्हिक्टोरिया: १८९५ ते १९०१
एडवर्ड सातवा: १९०२ ते १९१०
जॉर्ज पाचवा: १९११ ते १९३६
जॉर्ज सहावा: १९३७ ते १९५१
एलिझाबेथ: १९५३ ते १९६७, आणि १९७० च्या संग्राहकांसाठीच्या संचातली

सहा वाडगे घ्या आणि त्यात टाका. मग प्रत्येक वाडग्यात सालवार रांग. टेबलावर जाड सुती कापड पसरा, नाणे कडेने धरा, नाण्यावर नाणे ओतू नका.

शंकासुर

बेरीज-वजाबाकी ठीक, पण १९३३ ची निघाली तर?

टांकसाळ

निघणार नाही. १९३३ साली चलनासाठी पेन्या पाडल्याच नाहीत. बँकांकडे पुरेसा साठा होता. इमारतींच्या पायाभरणीत ठेवायला आणि संग्रहालयांना द्यायला म्हणून मोजक्या पाडल्या, त्यातल्या सातेक माहीत आहेत. लीड्सजवळच्या मिडलटनच्या चर्चच्या पायाखालची १९७० मध्ये चोरीला गेली. डब्यात १९३३ दिसली तर ती १९३५ चा शेवटचा आकडा कोरून बदललेली किंवा सरळ ओतीव नक्कल समजायची. भिंगातून शेवटच्या ३ भोवतीची जमीन बघा, ती खरवडलेली किंवा इतर आकड्यांभोवतीपेक्षा खोलगट दिसेल. ओतीव नकलेचा पृष्ठभाग बारीक खड्ड्यांचा असतो आणि कडेवर सांध्याची रेघ सापडते.

लेस्टरवाला

सालांची यादी मी देतो. हा कागद शेजारी ठेवून रांगा बघा.

अंबाड्याच्या राणीत १८६९ आणि १८७१ ही दोन साले दिसली की थांबा. दोन्ही कमी पाडली होती, झिजलेलीही दहांच्या पटीत पौंडांना जातात. १८६० मध्ये नाण्याच्या कडेची नक्षी दोन प्रकारची आहे, गोल मण्यांची आणि दात्यांची. एका बाजूला मणी आणि दुसऱ्या बाजूला दाते असतील तर ते ठशांची अदलाबदल झालेले नाणे, खूप दुर्मिळ.

मग बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचे एच अक्षर. रॉयल मिंटला काम झेपेनासे झाले की हीटनला ठेका जायचा. १८७४, १८७५, १८७६, १८८१ आणि १८८२ मध्ये हे अक्षर सालाच्या खाली आहे. १८७५ एच चांगली, बाकीची साधारण. १८८२ मध्ये उलटा प्रकार: एच असलेली ढिगाने मिळते, एच नसलेली अतिदुर्मिळ. म्हणूनच एच घासून टाकलेल्या १८८२ बाजारात फिरतात. शिवाय झिजेनेही एच जातो. सालाखालची जागा तिरप्या उजेडात धरा, अक्षराची पुसट सावली दिसतेच.

जॉर्ज पाचव्याच्या काळात एच पुन्हा येतो, १९१२, १९१८ आणि १९१९ ला, पण या वेळी सालाच्या डावीकडे, अगदी बारीक. १९१८ आणि १९१९ ला केएन हेही आहे, किंग्ज नॉर्टन कंपनीचे. ही पाच नाणी जवळजवळ प्रत्येक मोठ्या डब्यात असतात आणि भिंग न वापरणाऱ्यांच्या हातून निसटतात. १९१२ एच झिजलेली दोनेक पौंड, १९१८ एच चार-पाच, केएन त्याहून थोडी वर. पण हीच केएन चकाकीसकट मिळाली तर आकडा शेकड्यांत जातो.

१८९५: पेनीच्या मागच्या बाजूला बसलेली स्त्री म्हणजे ब्रिटानिया, ब्रिटनचे प्रतीक. तिच्या हातातल्या त्रिशुळाचे टोक आणि पेनी शब्दातले पी यांच्यातले अंतर मोजा. नेहमीचे एक मिलिमीटर. दोन असेल तर दुर्मिळ.

१९०२: ब्रिटानियामागची समुद्राची रेघ. नेहमीपेक्षा खाली असेल तर 'लो टाइड'. शेजारी १९०३ ची ठेवून तुलना करा, म्हणजे शंका राहत नाही.

१९२६: जॉर्जच्या मानेच्या कापावर शिल्पकार बर्ट्रम मॅकेनल याची बीएम ही आद्याक्षरे आहेत. अक्षरांपुढे टिंबे असतील आणि ती मध्याकडे असतील तर साधी. टिंबे नसतील आणि अक्षरे मानेच्या मागच्या बाजूला सरकली असतील तर सुधारित मुखवट्याची, म्हणजे राजाचा चेहरा नव्याने कोरलेली, ती झिजलेली असली तरी वेगळी ठेवा.

१९५० आणि १९५१: अनुक्रमे २,४०,००० आणि १,२०,००० पाडली. त्यातली बहुतेक बर्म्युडाला गेली होती, म्हणून ब्रिटनच्या चलनात ती फारशी फिरली नाहीत. १९५१ ठीकठाक अवस्थेतली वीस-तीस पौंड, १९५० त्याच्या निम्म्यापासून.

१९५३: राज्याभिषेकाच्या वर्षी फक्त संचांतून दिली, साधारण तेरा लाख. काही पौंड.

१९६१ ते १९६७ ची एलिझाबेथ: विसरा. एकट्या १९६७ सालाच्या ६५ कोटींहून जास्त आहेत. ते साल घालून पेन्या १९७० पर्यंत पाडत होते.

उरलेल्या सालांत १९२३ ते २५, १९४१ ते ४३ आणि १९५५ ते ६० या पेन्या नाहीतच. यातले साल वाचले असे वाटले तर पुन्हा वाचा, ३ आणि ८, ५ आणि ६ यांची गल्लत झालेली असते.

भिंगरी

१९५० बद्दल पुस्ती. १९४० चा चार घासून पाच करणारे असतात. पण १९४८ पर्यंतच्या पेनीवर राजाच्या नावानंतर 'इंड इंप', म्हणजे हिंदुस्थानचा सम्राट, ही अक्षरे आहेत. स्वातंत्र्यानंतर ती काढली आणि १९४९ पासूनच्या पेन्यांवर नाहीत. १९५० वर 'इंड इंप' दिसले की नाणे बनावट, आकडा बघायचीही गरज नाही. १९५१ ला हा धोका कमी. १९३१ वर जॉर्ज पाचवा आहे, १९६१ वर एलिझाबेथ, आणि १९४१ ची पेनीच नाही. मग खोटी करायची कशातून?

मीनल_सांगली

सगळी लावून झाली. एकूण ४५२.

एलिझाबेथ १४८ (त्यातल्या १९६७ च्या काही अगदी लालबुंद), जॉर्ज सहावा १३१, जॉर्ज पाचवा ९७, एडवर्ड २१, पदराची व्हिक्टोरिया १४, अंबाड्याची १९, आयर्लंड ९, ऑस्ट्रेलिया ६, भारतीय ७.

भिंगाखाली सापडले ते: १९५१ एक. १९१९ केएन एक, साल कसेबसे वाचता येते. १९१८ एच एक. १९१२ एच तीन. १९०२ दोन आहेत, त्यातल्या एकीवर समुद्र स्पष्टच खाली आहे. १८८२ एक, एच दिसत नव्हता, पण तिरप्या उजेडात त्याचे दोन उभे दांडे दिसतात. ऑस्ट्रेलियाची साले १९११ ते १९५२ मधली आहेत.

एक विचित्र गोष्ट: जॉर्ज पाचव्याच्या बऱ्याच नाण्यांवर ब्रिटानियाच्या भोवती अंधूक डोक्याची आकृती दिसते. ती चूक आहे का, आणि चूक असेल तर जास्त किंमत?

टांकसाळ

नाही ताई, ते भूत आहे आणि सगळ्यांच्याच घरी आहे. जॉर्ज पाचव्याचा मुखवटा इतका उठावदार कोरला होता की ठसा मारताना धातू सगळा त्या बाजूला ओढला जायचा आणि पलीकडे ब्रिटानियाला पुरायचा नाही. त्यामुळे राजाच्या डोक्याची बाह्यरेषा तिकडे उमटते. हे घालवण्यासाठीच १९२६ चा सुधारित मुखवटा आला आणि १९२८ पासून डोके आणखी लहान केले. किंमत वाढत नाही. पण हे कळले नाही तर अवस्था ठरवताना नुकसान होते: ब्रिटानियाचा चेहरा आणि छाती सपाट दिसली की लोक नाणे झिजलेले समजतात, प्रत्यक्षात ते तसेच पाडलेले असते. म्हणून १९११ ते १९२७ च्या पेन्यांची झीज राजाच्या बाजूने बघायची, कानावरचे केस आणि मिशीचा कंगोरा.

अवस्थेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण पैसे इथेच आहेत. ब्रिटिश पद्धतीत पायऱ्या अशा: फेअर, फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड. एकाच सालाच्या नाण्याची किंमत दर पायरीला तिप्पट-चौपट होऊ शकते, शेवटच्या पायरीला त्याहूनही जास्त.

अंबाड्याच्या राणीत कानावरून मागे जाणारे केस बघा. केसांचा एकच सपाट गोळा झाला असेल तर फाइनच्या खाली. मुख्य बटा वेगळ्या दिसतात पण आतल्या रेघा नाहीत, तर फाइन. बहुतेक बटा सुट्या आणि केसांतली फीत स्पष्ट, तर व्हेरी फाइन. फक्त सर्वांत उंच भागावर किंचित घासल्याची खूण, तर एक्स्ट्रीमली फाइन. साल आणि अक्षरे स्पष्ट असणे हे अवस्थेचे लक्षण नव्हे. ती खोलात असतात, शेवटपर्यंत टिकतात. नवखा माणूस नेमका त्यांनाच बघून 'उत्तम स्थितीत' अशी जाहिरात देतो.

चकाकी वेगळी तपासायची. एका दिव्याखाली नाणे तिरपे धरून हळूहळू फिरवा. मूळ चकाकी असेल तर उजेडाच्या आऱ्या नाण्याबरोबर फिरतात. घासून उजळलेले नाणे सगळीकडून सारखेच चमकते आणि भिंगाखाली बारीक समांतर ओरखडे दिसतात. साध्या सालाची अंबाड्याची पेनी तपकिरी आणि झिजलेली असेल तर पौंडभराची, तीच पूर्ण मूळ लाल चकाकीसकट शंभराच्या घरात.

तुमच्या लालबुंद १९६७ बद्दल मात्र खूश होऊ नका. लोकांनी शेवटचे साल म्हणून त्यांच्या थैल्याच्या थैल्या जपून ठेवल्या. अजून पुरून उरतात.

रसायनकाका

स्वच्छतेचे मी सांगतो, कारण 'काहीच करू नका' हे अर्धे उत्तर झाले. सांगलीची हवा पावसाळ्यात दमट, तिथे कळकलेले नाणे तसेच ठेवले तर ते खात जाईल.

आधी ओळखा. कडक, गुळगुळीत, हिरवट-काळा थर म्हणजे स्थिर थर. त्याला हात लावायचा नाही, तो नाण्याचे रक्षण करतो. फिकट हिरवी भुकटी, जी टोकरल्यावर पडते आणि काही आठवड्यांत पुन्हा येते, ती क्लोराइडमुळे आलेली कीड. अशी नाणी लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा. तिसरा प्रकार चिकट हिरवट ओशटपणा, तो मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून येतो.

ओशटपणा आणि धूळ यांसाठी: काचेच्या वाटीत शुद्ध ॲसिटोन, रसायनांच्या दुकानातले. नेलपॉलिश काढायच्या बाटलीत तेल आणि सुगंध असतात, ते चालत नाही. प्लॅस्टिकची वाटी विरघळेल. पाच मिनिटे बुडवा, कडेने उचला, दुसऱ्या वाटीतल्या ताज्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून टिपकागदावर उभे ठेवा. पुसायचे नाही. खिडकी उघडी, गॅस बंद, देवघरातला दिवासुद्धा विझलेला.

मातीसाठी ऊर्ध्वपातित पाणी, बॅटरीत घालतात ते चालेल. एक दिवस भिजवा, पाणी बदला, पुन्हा भिजवा. नळाच्या पाण्यातले क्लोरीन तांब्याला बाधते.

हिरव्या भुकटीवर लिक्विड पॅराफिनचा थेंब टाकून काही दिवस ठेवा, मग भिंगाखाली बांबूच्या काडीने टोकरा. सुई किंवा पिन नको. खोबरेल तेल तर नकोच, ते खवट होते आणि त्यातली आम्ले तांबे खातात.

ठेवायचे ते पॉलिस्टर फिल्मच्या पाकिटांत किंवा खिडकी असलेल्या पुठ्ठ्यांत. वर्तमानपत्रात गुंडाळू नका आणि रबरबँड कधीच लावू नका, रबरातल्या गंधकाचा काळा पट्टा नाण्यावर कायमचा बसतो. डब्यात सिलिका जेलची पुडी, रंग बदलला की वाळवून पुन्हा.

एवढे सगळे फक्त तुम्ही वेगळ्या काढलेल्या नाण्यांसाठी. १९६५ च्या एलिझाबेथला ॲसिटोनची आंघोळ घालाल तर ॲसिटोनचा खर्चही निघणार नाही.

शंकासुर

मग मोडीत का नाही? तांब्याला भाव आहे की.

जुनाबाजार

ब्रिटनमध्ये चालत नाही. तिथल्या १९७१ च्या नाणे कायद्यानुसार १६ मे १९६९ नंतर चलनातून गेलेली नाणी सरकारी परवान्याशिवाय वितळवता येत नाहीत, आणि पेनी ३१ ऑगस्ट १९७१ ला गेली. भारतात तो कायदा लागू नाही, पण मोडवाला याला शुद्ध तांब्याचा भाव देणारच नाही. पेनी ब्राँझची आहे, ९५ टक्क्यांच्या आसपास तांबे आणि उरलेले कथील व जस्त. मिश्रधातू म्हणून भाव तोडून मिळतो. संग्राहकांच्या बाजारात किलोने विकली तरी त्यापेक्षा बरे पैसे येतात, कारण सालांचे संच भरणारे नवशिके ती घेतात.

ऑस्ट्रेलियाच्या सहांपैकी एखादीचे साल १९३० असेल तर मला सांगा आणि घराला कुलूप लावा. ते तिकडचे सर्वांत गाजलेले साल, झिजलेलेही हजारोंत जाते. १९२५ आणि १९४६ ही दोनही बघा, ती त्यामानाने खूप स्वस्त पण साध्यापेक्षा बरी.

भारतीय सात नाण्यांची साले लिहा. भोकाचा पैसा असेल तर तो १९४३ ते ४७ मधला, किरकोळ. ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा पाव आणा खरा असला तरी भरपूर मिळतो. आणि एकावर हनुमान किंवा रामदरबार असून १८१८ किंवा १६१६ साल असेल तर ते कंपनीचे नाणे नव्हेच. कंपनीने देवांची अशी नाणी पाडली नाहीत, ती यात्रेत विकायला केलेली टोकने आहेत. 'हे नाणे द्या, लाखो घ्या' म्हणून फोनवर नोंदणी फी किंवा कमिशन मागणारे याच टोकनांचे फोटो लावतात. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर केले होते की ती असा कोणताही व्यवहार करत नाही आणि तिच्या नावाने फी घ्यायला कुणालाही अधिकार दिलेला नाही.

मीनल_सांगली

१९३०, २५, ४६ यातले एकही नाही. भारतीयांत चार भोकाचे पैसे, दोन जॉर्ज पाचव्याचे पाव आणे, एक १८३५. हनुमान नाही :)

मग आता आकडा काढायचा कसा? नेटवरच्या किमतींवर विश्वास बसत नाही.

लेस्टरवाला

लावलेली किंमत ही फक्त विकणाऱ्याची इच्छा. ईबेवर शोध घेतल्यावर 'विकलेल्या वस्तू' हा पर्याय निवडा आणि मागच्या तीन महिन्यांत त्याच साला-अवस्थेचे नाणे कितीला गेले ते बघा. सर्वांत वरचे आणि सर्वांत खालचे सोडा, मधले चार-पाच घ्या. लंडनच्या स्पिंक या नाणे-व्यापारी कंपनीच्या वार्षिक कॅटलॉगमधले आकडे हे दुकानातले विक्रीचे भाव आहेत, आणि नाणे त्या पायरीत पूर्ण बसते असे गृहीत धरून. घेणारा व्यापारी त्याच्या निम्मे ते साठ टक्के देतो. लिलावात विकणाऱ्याकडून कमिशन आणि घेणाऱ्याकडून वर प्रीमियम, म्हणजे पंचवीस पौंडांच्या नाण्यासाठी लिलावघर नको.

तुमच्या डब्याचा हिशेब, सगळे आकडे ढोबळ:

१९५१ सोडून जॉर्ज सहावा आणि एलिझाबेथ मिळून २७८, म्हणजे २ किलो ६०० ग्रॅम. किलोला दहा-बारा पौंड धरले तर २६ ते ३१.
जॉर्ज पाचव्याची साधी ९२, नगाला वीस पेन्स, १८.
एडवर्डची साधी २०, तीस पेन्स, ६.
पदराची १४, सगळी मिळून ६-७.
अंबाड्याची १९, पौंडाने, १९.
आयर्लंड आणि ऑस्ट्रेलिया मिळून ४-५.
१९५१ ची २०. १९०२ लो टाइड १०. केएन झिजलेली आहे म्हणून ६. १९१८ एच ४. १९१२ एच तीन मिळून ५.

बेरीज सव्वाशे ते एकशे तीस पौंड, तीही स्वतः एकेक करून विकलीत तर. व्यापाऱ्याला एकरकमी द्यायची तर साठ ते ऐंशी समजा. अंबाड्याच्या एकोणिसांत एखादी व्हेरी फाइनच्या वर असेल तर आकडा हलेल, म्हणून त्यांचे फोटो इथे टाका. फ्लॅश नको, खिडकीचा उजेड बाजूने, गडद कागदावर, दोन्ही बाजू, नाण्याने फोटो भरलेला.

जुनाबाजार

लेस्टरला पाठवण्याआधी एक अडचण. १९७२ च्या पुरातन वस्तू आणि कलानिधी अधिनियमात शंभर वर्षे पूर्ण झालेले नाणे हे पुरावस्तू धरले जाते आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. नाणे कोणत्या देशाचे, याचा अपवाद त्यात नाही. म्हणजे व्हिक्टोरिया, एडवर्ड आणि जॉर्ज पाचव्याची १९११ पासून शंभरी भरलेल्या सालांपर्यंतची नाणी इथेच राहतील. बॅगेतून आली त्याच बॅगेतून परत जाऊ शकत नाहीत. भावाच्या सामानात 'चार नाणी तर आहेत' म्हणून टाकू नका, कस्टम्सने अडवले तर नाण्यांपेक्षा वकील महाग.

यामुळे विक्री दोन भागांत करावी लागेल. जुनी इथे विकायची. पुण्यातल्या कॉइनेक्ससारख्या प्रदर्शनात परदेशी नाण्यांची टेबले असतात, तिथे व्हिक्टोरियाला गिऱ्हाईक मिळते. पुरावस्तूंचा धंदा करणाऱ्याला परवाना लागतो, तो आहे का ते विचारा. दर ब्रिटनपेक्षा कमी येईल, कारण पेनीची एच-केएन ओळखणारे इथे थोडे. म्हणून पाकिटावर साल, अक्षर आणि अवस्था तुम्हीच लिहून न्या.

लेस्टरवाला

म्हणजे पाठवता येण्याजोगी उरली १९५१ आणि शंभरी न भरलेली साधी, बहुतेक जॉर्ज सहावा आणि एलिझाबेथ. त्या साध्यांचे वजन विमानात नेण्यात अर्थ नाही, इथे ब्रिटनमध्ये त्या फुकट मिळतात. १९५१ एकटी पाठवा. खात्री हवी असेल तर पुरावस्तू नसल्याचा दाखला पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून घेता येतो, पण तिच्यावर साल छापलेलेच आहे. इथे ब्रिटिश न्युमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनचे सभासद असलेले दुकान बघून भावाला दोन ठिकाणी भाव विचारायला सांगा, आणि भाव विचारताना 'किती द्याल' इतकेच, आपला आकडा आधी सांगायचा नाही. पीसीजीएस किंवा एनजीसी या नाण्यांची अवस्था प्रमाणित करणाऱ्या कंपन्यांकडे ग्रेडिंगला पाठवू नका, फी नाण्याच्या किमतीला गाठेल.

भिंगरी

एक राहिले. एडवर्डच्या एकवीस नाण्यांवर राजाच्या चेहऱ्यावर ठोकलेली अक्षरे आहेत का बघितलेत? स्त्रियांच्या मताधिकाराची घोषणा ठोकलेली १९०३ ची पेनी ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. अशी खरी निघाली तर वरचा सगळा हिशेब बाजूला पडतो. पण आजकाल अक्षरांचे ठसे घेऊन घरी ठोकणारेही आहेत. जुन्या ठोक्याच्या खाचेत नाण्याच्या बाकी पृष्ठभागासारखाच काळपट थर असतो, नव्या ठोक्याच्या खाचेत तांबे उघडे दिसते.

मीनल_सांगली

बघितले, ठोकलेले एकही नाही. १९०३ च्या दोन आहेत, दोन्ही साध्या.

भिंगरी

साध्या म्हणण्याआधी त्या दोन्हींतला शेवटचा ३ बघा. नेहमीच्या आकड्याची टोके आत वळलेली असतात, 'ओपन थ्री' या दुर्मिळ प्रकारात तो उघडा असतो. दोन्ही शेजारी ठेवून फोटो टाका, फक्त सालाचा, जवळून.

मीनल_सांगली

उद्या सकाळी उन्हात काढून टाकते. अंबाड्याच्या एकोणीसही त्याबरोबर.